वटवाघूळ न डसलेला माणूस

गेल्या महिन्यात एका मित्राच्या गच्चीवर पांढरी चादर ताणून आम्ही दहा-बारा जणांनी १९५६ सालचा 'इट कॉन्कर्ड द वर्ल्ड' पाहिला. रॉजर कॉर्मनचा हा सिनेमा कृष्णधवल, सव्वा तासाच्या आत संपणारा, आणि निर्मात्याच्या खिशातला खडखडाट पडद्यावर ऐकू यावा असा. शुक्र ग्रहावरून एक प्राणी पृथ्वीवर येतो, गरम पाण्याच्या झऱ्याजवळच्या गुहेत दडतो आणि तिथून वटवाघळासारखे उडते जीव सोडतो. ते माणसाच्या मानेला मागून डसतात, कातडीखाली एक यंत्र रोवतात आणि मरून पडतात. त्या क्षणापासून तो माणूस शुक्रवाल्याचा ताबेदार. सिनेमा संपला आणि चहा येईपर्यंत गच्चीवर दोन तट पडले. एका तटाला हसू आवरत नव्हतं. दुसऱ्या तटाला एकदम अर्थ लागला होता: हे वटवाघूळ म्हणजे आपला मोबाइल, ते यंत्र म्हणजे अल्गोरिदम, सगळ्या समाजाचं ब्रेनवॉशिंग झालंय आणि कॉर्मनने ते सत्तर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. हा वाद मग तासभर रंगला, आणि माझ्या मते दोन्ही बाजूंनी तो अत्यंत वाईट लढवला गेला.

वाईट अशासाठी, की सगळे त्या वटवाघळांबद्दलच बोलत होते. सिनेमा ज्याच्याभोवती फिरतो त्या माणसाचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. डॉ. टॉम अँडरसन हा शास्त्रज्ञ आहे. ली व्हॅन क्लीफने तो केलाय, पुढे इटालियन वेस्टर्नमुळे आपल्याकडेही ओळखीचा झालेला तोच तो बारीक डोळ्यांचा नट. अँडरसन घरातल्या रेडिओसंचावर शुक्रवाल्याशी गप्पा मारतो. आपल्याला ऐकू येते ती नुसती खरखर आणि गुणगुण. तो मान डोलावत उत्तरं देतो. प्राण्याला पृथ्वीवर बोलावतो तो. गावातली महत्त्वाची माणसं कोण, कुणाला आधी ताब्यात घ्यायचं, हे सांगतो तोच. आणि सबंध सिनेमाभर त्याच्या मानेला काहीही डसत नाही. त्याचं डोकं शेवटपर्यंत त्याचं स्वतःचं आहे. मनाचा ताबा घेण्यावरच्या या सिनेमात सगळ्यांत मोठं नुकसान करतो तो ताब्यात न गेलेला माणूस. माझं म्हणणं एवढंच आहे की हा सिनेमा ब्रेनवॉशिंगचा नाहीच, संमतीचा आहे. आणि आज आपण उठता-बसता 'त्याचं ब्रेनवॉश झालंय' म्हणतो, तेव्हा नेमकी ही संमतीच झाकून टाकतो.

आधी हसणाऱ्यांचं देणं देऊन टाकतो, कारण त्यांचं हसू खोटं नव्हतं. पॉल ब्लेसडेलने बनवलेला तो प्राणी दिसतो उलट्या ठेवलेल्या आइस्क्रीमच्या कोनासारखा; वर निमुळता, खाली रुंद, खेकड्याचे नांगे आणि चेहऱ्यावर कायमचा रागीट भाव. कॉर्मनने स्वतःच सांगितलेला किस्सा प्रसिद्ध आहे: नायिका बेव्हर्ली गारलंडने सेटवर तो प्रथम पाहिला तेव्हा तो तिच्यापेक्षाही बुटका होता. तू जग जिंकणार का, असं विचारून तिने त्याला सरळ लाथ घातली, आणि मग त्याची उंची वाढवण्यात आली. १९९१ मध्ये अमेरिकन टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमाने हा अख्खा सिनेमा टिंगलीसाठी घेतला. विज्ञानही बेतास बात. पण तेव्हा शुक्राबद्दल शास्त्रज्ञांनाही फारसं ठाऊक नव्हतं. मरिनर २ हे यान त्याच्याजवळून गेलं १९६२ च्या डिसेंबरात, आणि तो ग्रह म्हणजे धगधगती भट्टी असल्याचं पक्कं होत गेलं. शिवाय कॉर्मनला संदेशबिंदेश द्यायचा नव्हता, त्याला दुहेरी खेळातल्या दोन सिनेमांपैकी एक वेळेत आणि स्वस्तात हवा होता, हेही खरं. पण खेळ कसा विकायचा होता यावरून त्यात काय उतरलं ते ठरतं का? तमाशाच्या फडात वगनाट्य पोटासाठीच उभं राहायचं. म्हणून त्यातला सरदार आणि त्याचा शिपाई यांच्यात जे चालायचं ते खोटं होत नाही. पैसा नसला की राक्षस फारसा दाखवता येत नाही. मग कॅमेरा कुठे लावायचा? घरातल्या सोफ्यावर, दोन मित्रांच्या जेवणाच्या टेबलाशी, नवरा-बायकोच्या भांडणावर. या सिनेमाचा चांगला भाग सगळा तिथेच आहे, आणि तो गरिबीमुळे आहे.

आता अर्थ लावणाऱ्यांकडे वळू. त्यांच्यातल्या जरा वाचलेल्यांनी शीतयुद्ध काढलं. तेही चूक नाही. 'ब्रेनवॉशिंग' हा शब्दच इंग्रजीत रुळला तो १९५० मध्ये, एडवर्ड हंटर नावाच्या पत्रकाराने मायामीच्या एका दैनिकात चीनमधल्या नव्या राजवटीबद्दल लिहिलं त्यानंतर. चिनी भाषेतल्या 'मेंदू धुणे' या शब्दाचं ते भाषांतर. मग कोरियन युद्ध आलं. पकडलेल्या अमेरिकन वैमानिकांनी जंतुयुद्ध केल्याचे कबुलीजबाब दिले, आणि युद्ध संपल्यावर एकवीस अमेरिकन सैनिकांनी मायदेशी परतायलाच नकार दिला. एकवीस म्हणजे हजारोंतले किती? पण सगळा देश हादरला. आमची पोरं शुद्धीत असती तर असं वागलीच नसती, म्हणजे नक्कीच त्यांच्या मेंदूला काहीतरी केलंय! लक्षात घ्या, हा निष्कर्ष पुराव्यातून आलेला नव्हता, अपमानातून आला होता. पुढे अल्बर्ट बायडरमनसारख्या संशोधकांनी कैद्यांच्या हकिगती तपासल्या तेव्हा कुठलीही जादू सापडली नाही. सापडली ती उपासमार, थंडी, झोप मोडणं, एकटं कोंडणं, धमक्या आणि मधूनच एखादी मेहेरबानी. पोलीस कोठडीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला जुनाच मसाला.

तरीसुद्धा समोरच्यांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा मान्य करायला हवा. मनावर बाहेरून ताबा मिळवण्याचे प्रयत्न झालेत, आणि ते निर्दय होते. १९५३ मध्ये सीआयए या अमेरिकन गुप्तहेर संस्थेने 'एमकेअल्ट्रा' नावाचा गुप्त कार्यक्रम सुरू केला. बेसावध माणसांना न सांगता एलएसडी हे भ्रम घडवणारं रसायन दिलं गेलं. माणसं आयुष्यातून उठली. १९७३ मध्ये संचालक रिचर्ड हेल्म्सने बहुतेक कागद नष्ट करायला लावले, आणि दोन वर्षांनी सिनेटच्या समितीपुढे हे प्रकरण उघडं पडलं. पण एवढा पैसा, एवढी गुप्तता, एवढी हिंसा करूनही हाती काय लागलं? माणूस मोडता येतो, हे. माणूस चालवता येतो, हे नाही. जाहिरातवाल्यांचीही तीच गत. १९५७ मध्ये जेम्स व्हायकरीने जाहीर केलं की न्यू जर्सीतल्या एका चित्रगृहात पडद्यावर निमिषभर 'पॉपकॉर्न खा' असं चमकवल्याने पॉपकॉर्नचा खप ५७.५ टक्क्यांनी वाढला. दशांश चिन्हाने भल्याभल्यांना गार केलं. पाच वर्षांनी त्याने स्वतःच मान्य केलं की सगळा बनाव होता. आणि ज्या अल्गोरिदमच्या नावाने गच्चीवर एवढी हळहळ चालली होती, त्याचं काय? २०१२ च्या जानेवारीत फेसबुकने ६,८९,००३ लोकांच्या नकळत त्यांच्यासमोर येणारा मजकूर आठवडाभर कमी-जास्त आनंदी करून पाहिला. परिणाम झाला, पण केसाएवढा. गैर होतं ते न विचारता प्रयोग करणं, आणि त्याचा राग यायलाच हवा. मात्र त्यातून माणसाचा यंत्रमानव झाल्याचं सिद्ध होत नाही.

मग मोबाइल निर्दोष का? मुळीच नाही. माणूस हलूच नये अशा हिशेबाने ते पडदे रचलेत, आणि बारा वर्षांच्या पोराला त्यापुढे एकटं सोडून 'संमती' शब्द उच्चारणं हा क्रूरपणा आहे. मुलांपुरतं मी माझं म्हणणं मागे घेतो. पण गच्चीवर ब्रेनवॉशिंगची तक्रार करणारे सगळे चाळिशीपुढचे होते. आणि बोलत होते स्वतःबद्दल नव्हे, त्यांच्या मेव्हण्याबद्दल, सोसायटीच्या सेक्रेटरीबद्दल, शाळेतल्या वर्गमित्रांबद्दल. ब्रेनवॉश नेहमी दुसऱ्याचंच कसं होतं बुवा? वटवाघूळ स्वतः उडत येऊन मानेला डसतं. फोन तर आपण रात्री आठवणीने चार्जिंगला लावून उशाशी घेतो. मेव्हण्याला जो खोटा मजकूर पटतो तो त्याला का पटतो? कारण त्याला जे आधीपासून वाटत होतं तेच तो मजकूर त्याला सांगतो, वर शाबासकीही देतो की तुला आधीच कळलं होतं.

अँडरसनचं हेच आहे. सिनेमाच्या सुरुवातीलाच तो सरकारी अधिकाऱ्यांना बजावतो की उपग्रह सोडू नका, परग्रहावरचे लोक आपल्याला पाहताहेत. (स्पुटनिक वर जायला तेव्हा वर्षाहून अधिक अवकाश होता, हे ध्यानात ठेवून हा प्रसंग पाहिला तर त्याची मजा वाढते.) त्याला कुणी भीक घालत नाही. ज्या संस्थांनी डोक्यावर घ्यावं असं त्याला वाटतं त्या त्याला चक्रम समजतात, आणि त्याचा मित्र डॉ. पॉल नेल्सन त्याच वेळी नाव काढतोय. अशा माणसाशी रात्री उशिरा एक आवाज बोलू लागतो, फक्त त्याच्याशी, फक्त त्यालाच कळेल अशा भाषेत. अँडरसनला आमिष पैशाचं नाही. त्याला पटवलेलं असतं की माणसाची युद्धं, द्वेष, भांडणं संपतील, कारण मुळात भावनाच राहणार नाहीत. तत्त्व उदात्त आहे, आणि मानेत यंत्र रोवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. दुखावलेला अहंकार आणि एक उदात्त तत्त्व एवढं हाताशी असलं की वटवाघूळ वाया घालवायचं कशाला?

आपल्याकडे यासाठी फार जुनी म्हण आहे: कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. पातं बाहेरून येतं, दांडा त्याच झाडाचा असतो. सिनेमा आला तेव्हा युरोपात नॉर्वेच्या क्विस्लिंग या फितुराचं नाव ताजं होतं. एप्रिल १९४० मध्ये जर्मन फौजा नॉर्वेत उतरल्या त्याच दिवशी त्याने रेडिओवरून स्वतःला सरकारप्रमुख जाहीर केलं, आणि १९४५ मध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. तोही ताब्यात घेतलेला नव्हता, त्याचा विचारच तसा होता. पण इथे एक पाऊल सावध टाकायला हवं. बाहेरच्याचं स्वागत करणारा प्रत्येक जण क्विस्लिंग नसतो. लोकहितवादींच्या पिढीतल्या अनेक विचारी माणसांना इंग्रजांचा अंमल हा आपल्याला शहाणं करायला आलेला ईश्वरी योग वाटला होता. त्यांना फितूर म्हणणं अन्याय होईल आणि ब्रेनवॉश झालेले म्हणणं तर निव्वळ मूर्खपणा. त्यांनी डोळे उघडे ठेवून युक्तिवाद केला, स्वजनांना लागेल असं लिहिलं, आणि त्यांच्याशी युक्तिवादानेच भांडता येतं. पुढच्या पिढीने तसं भांडून दाखवलंही. त्यांच्या मानेत यंत्र होतं असं धरून चाललो असतो तर एकोणिसावं शतक आपण वाचलंच नसतं, नुसतं झिडकारलं असतं.

आणि अँडरसनला मिळतं काय, तेही पाहा. शुक्रवाला गावातली सगळी ऊर्जा बंद पाडतो. दिवे, फोन, मोटारी, घड्याळंसुद्धा थांबतात. उपग्रह सोडणारा डॉ. नेल्सन बिचारा रस्त्याने सायकल मारत फिरतो. पीटर ग्रेव्हज हा उंचापुरा देखणा नट, आणि त्याचे ते गुडघे वर येणारे पायडल! गच्चीवर या दृश्याला सगळ्यांत मोठा हशा मिळाला. पण त्याच गावात एका घरात दिवा जळत असतो आणि एका माणसाची गाडी चालू असते. ज्याने भारनियमनाचे दिवस पाहिलेत त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सगळी आळी अंधारात आणि एकाच घरात पंखा फिरतोय, तर त्या घरातल्याला वरची व्यवस्था फारशी अन्यायाची वाटत नाही. तो तिच्या बाजूने फार समंजस बोलतो.

याच सिनेमाच्या उन्हाळ्यात, म्हणजे १९५६ च्या ऑगस्टमध्ये, टेनेसीतल्या क्लिंटन गावात जॉन कॅस्पर नावाचा बाहेरचा माणूस उतरला. तिथल्या गोऱ्यांच्या हायस्कुलात बारा काळी मुलं पहिल्यांदा जाणार होती, आणि गाव कुरकुरत का होईना त्याला तयार झालं होतं. कॅस्परने दारोदार फिरून, चौकात भाषणं करून थोड्याच दिवसांत असा जमाव उभा केला की राज्याला नॅशनल गार्ड आणि रणगाडे पाठवावे लागले. या प्रकरणावरून चार्ल्स बोमॉन्टने कादंबरी लिहिली आणि तिच्यावर सिनेमा काढला तो याच रॉजर कॉर्मनने, १९६२ मध्ये: 'द इन्ट्रूडर'. विल्यम शॅटनर त्यात पांढऱ्या सुटात गावात येतो. गुहा नाही, नांगे नाहीत, रेडिओची खरखर नाही. माणूस हसून बोलतो आणि गाव पेटतं. चित्रीकरण मिसुरीतल्या खऱ्या गावांत झालं, गर्दीत स्थानिक लोकच उभे केले होते आणि पूर्ण पटकथा त्यांना दाखवलेली नव्हती. हा सिनेमा पडला. पैसा सांभाळण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या कॉर्मनला तो पडल्याचं कायम लागून राहिलं. मला तरी हे दोन सिनेमे एकच वाटतात. पहिल्यात लोकांनी तिकीट काढलं, कारण दोष शुक्राचा होता. दुसऱ्यात दोष त्यांच्या गल्लीत होता.

कुणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशाला? 'ब्रेनवॉश' हा बोलण्यातला शब्द आहे, घ्या सैल अर्थाने. सैल अर्थाने घ्यायला माझी हरकत नसती, जर त्या शब्दाचं पुढचं पाऊल सिनेमातच दिसलं नसतं. नेल्सन घरी येतो तर अंधारलेल्या गावात त्याच्या घरात दिवा आहे. बायको जोन हसतमुख आहे. ती त्याच्यावर वटवाघूळ सोडते, तो ते मारतो, आणि मग शांतपणे पिस्तूल काढून बायकोला गोळी घालतो. ती परत माणसात येईल का, ते यंत्र काढता येईल का, हे तो शास्त्रज्ञ एकदाही विचारत नाही. ती आता जोन नाहीच, असं एकदा ठरलं की बाकीचं सोपं होतं. सिनेमाला यात काही खटकत नाही. माझा या सिनेमावरचा खरा राग हा आहे. आपल्याला हे दृश्य परकं आहे का? झपाटलेल्या बाईला भगत झाडूने मारतो तेव्हा मारणाऱ्याच्या मते मार तिला बसतच नसतो, आतल्या भुताला बसत असतो. म्हणूनच तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिलीच नोंद भूत उतरवण्याच्या बहाण्याने केलेल्या मारहाणीची आहे. त्यासाठी डॉ. दाभोलकरांनी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या, आणि अध्यादेश निघाला तो त्यांचा खून झाल्यावर. अंनिसने भानामतीची जी प्रकरणं धसाला लावली त्यांत शेवटी कुणीतरी हाडामांसाचा माणूसच सापडत गेला: त्रासलेला, दडपलेला, कधी लबाड. त्याच्याशी बोलावं लागलं. 'ब्रेनवॉश झालंय' म्हणणारा सुशिक्षित माणूस झाडू उचलत नाही, एवढाच फरक. तोही समोरच्याशी बोलणं थांबवतो. आतल्या भुताशी कोण वाद घालणार?

या कसोटीला सिनेमात एकच पात्र उतरतं, आणि आमच्या गच्चीवर तिच्याबद्दलही कुणी बोललं नाही. अँडरसनची बायको क्लेअर, म्हणजे तीच लाथ घालणारी बेव्हर्ली गारलंड. तिला शुक्राची भाषा येत नाही. नवऱ्याच्या मानेत काही नाही, हे तिला पुरतं माहीत आहे, म्हणून तर ती त्याच्याशी भांडत राहते: स्वयंपाकघरातून बाहेर येऊन, रात्री, पाहुण्यांसमोर, पाहुणे गेल्यावर. ती त्याला वेडा म्हणत नाही. तो चुकतोय आणि ते त्याला कळायला हवं, असं धरून ती बोलते. काहीच उपयोग होत नाही, तेव्हा बंदूक घेऊन एकटी गुहेकडे जाते. तिची किंकाळी अँडरसनला ऐकू येते ती त्याच रेडिओवरून, आणि तेवढा एकच संदेश भाषांतराशिवाय कळतो. मग तो जातो, प्राण्याचा डोळा जाळतो, स्वतःही मरतो. नेल्सन त्याच्या प्रेताशेजारी उभा राहून मोठं भाषण करतो: माणूस हा भावना असलेला प्राणी आहे, परिपूर्णता बाहेरून कुणी आणून देत नाही, वगैरे. भाषण चांगलं आहे, आणि सगळं अँडरसनबद्दल आहे. क्लेअरचं नाव त्यात नाही. जोनचं तर नाहीच.